सुधारून वाढविलेली आवृत्ती

आवृत्ती हा लेखकमंडळींचा मोठा हळवा शब्द आहे. लेखकाला चहाफराळ देऊन जितका संतोष होत नाही, तितका ‘तुमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती कधी निघणार?’ एवढे नुसते विचारल्याने होतो. मला तो संतोष अद्याप कोणी दिलेला नाही. माझ्या पहिल्या कादंबरीची पहिली आवृत्ती अजून पहिलीच आहे. तिच्या बऱ्याचशा प्रती आमच्या पलंगाखाली सुखरूप असून, पापड-कुरडयांबरोबर वर्षातून एकदा त्यांनाही ऊन दाखवण्यात येते.

त्या कादंबरीत एक चूक आहे. पाचव्या प्रकरणापर्यंत जी बाई नायिकेची आत्या आहे, ती सहाव्या प्रकरणात एकाएकी मावशी होते. पुस्तक छापून झाल्यावर हे लक्षात आले. प्रकाशकांनी शुद्धिपत्राची चिठी घालून दिली. पण शुद्धिपत्र वाचून पुस्तकात दुरुस्ती करणारा वाचक मला आजवर भेटलेला नाही. ज्यांच्या ज्यांच्या घरी प्रत गेली, त्यांच्या त्यांच्या घरी ती आत्या मावशी होऊनच नांदते आहे. पुस्तक एकदा लेखकाच्या हातून सुटले की सुटले.

हे दुःख मी एकदा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यापाशी बोलून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे वर्षाला नऊ-नऊ आवृत्त्या निघतात. आणि नवी निघाली की जुनी एकही प्रत कुठं शिल्लक राहू द्यायची नसते. तेच तर माझं काम!”

पाचवीत तो माझ्या वर्गात होता. आता सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत संगणकांची व्यवस्था बघतो. कारखाना म्हटला की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे भट्टी, पट्टे, खडखडाट असे काहीतरी येते. पण माल तयार होऊन भागत नाही. त्याचे बिलही तयार व्हावे लागते. खरेदी, विक्री, हिशेब, स्टोअर, डिस्पॅच अशा सगळ्या खात्यांतून मिळून त्याच्याकडे शंभर संगणक होते. बिले करण्याचा प्रोग्रॅम प्रत्येकावर तोच. त्यात एखादी दुरुस्ती झाली की ती शंभरच्या शंभर ठिकाणी, सारखी, आणि कोणाच्या कामात खोळंबा न करता पोचवायची, हा त्याचा उद्योग. पोचवली आणि कोणाला कळलेही नाही, म्हणजे काम उत्तम झाले. आमच्या धंद्याच्या हे अगदी उलट. आमची नवी आवृत्ती निघाली आणि कोणाला कळले नाही, तर आम्ही अंथरूण धरतो!

सातपूरला हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पडणारच. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे इथल्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. गावाची नगरपालिका झाली. १९८२ साली ती नाशिक महानगरपालिकेत विलीनही झाली. आज त्र्यंबक रस्त्याने जाताना मोठमोठ्या कंपन्यांच्या भिंती लागतात, आणि त्यांच्या मागे त्यांना सुटे भाग पुरवणारी लहान-मोठी असंख्य गाळ्यांची वस्ती. त्याच रस्त्याने दर वर्षी जेठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते. पहिल्या पाळीचे कामगार आणि वारकरी एकाच रस्त्यावर चालताना मी अनेकदा पाहिले आहेत. दोघांनाही वेळेवर पोचायचे असते.

गोष्ट २०१७ सालच्या जूनची. पालखी सातपूर सोडून केव्हाच पुढे गेली होती. एका संध्याकाळी हा विद्यार्थी घरी आला. चेहरा उतरलेला, डोळे तांबारलेले.

“सर, एक तारखेपासून नवा कर.”

वस्तू आणि सेवा कर त्या वर्षी १ जुलैला लागू व्हायचा होता. उत्पादन शुल्क, सेवाकर, व्हॅट, केंद्रीय विक्रीकर हे सारे जाऊन त्यांच्या जागी एकच कर येणार. ‘एकच’ हा शब्द ऐकायला सुटसुटीत वाटतो. पण त्याने मला समजावून सांगितले तेव्हा माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. माल सातपूरहून पुण्याला गेला तर कराचे दोन सारखे भाग करायचे : १८ टक्के असला, तर ९ केंद्राचा, ९ राज्याचा. तोच माल गुजरातला गेला तर भाग करायचे नाहीत. सबंध १८ टक्के आंतरराज्य कर म्हणून वेगळा दाखवायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला पंधरा अक्षरांचा नवा क्रमांक, महाराष्ट्रातला असला तर २७ ने सुरू होणारा. मालाच्या प्रत्येक जातीला सांकेतिक अंक. बिलाच्या तीन प्रती : मूळ घेणाऱ्याला, दुसरी गाडीवाल्याला, तिसरी आपल्याला.

“मग आठ दिवस आधीच बसवून मोकळा हो की!” मी म्हणालो.

“तेच तर करता येत नाही, सर. तीस तारखेच्या रात्री बारापर्यंत जो माल गेटबाहेर पडेल, त्याला जुनं बिल. बारा वाजून एका मिनिटानं जो पडेल, त्याला नवं. रात्रपाळी चालूच असते. आमच्या एका गाडीवर चुकीचं बिल लागलं, तर गाडी वाटेत अडणार, नाहीतर समोरची कंपनी माल उतरवून घेणार नाही.”

मी सहानुभूतीने मान हलवली. पण तो सहानुभूती घ्यायला आलेला नव्हता. म्हणाला, “सर, तुम्ही लेखक आहात. मला एका पानाची सूचना लिहून द्या. मराठीत. डिस्पॅचला आणि गेटवर जी माणसं आहेत त्यांना इंग्रजी पत्रक देऊन उपयोग नाही. प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवायचीय.”

एक पान! ज्याने चारचारशे पानांच्या कादंबऱ्या लिहिल्या त्याला एक पान म्हणजे काय! मी त्याच रात्री बसलो आणि लिहून काढले. आरंभच असा केला होता, की ‘परिवर्तन हा सृष्टीचा नियम आहे.’ दुसऱ्या दिवशी त्याने ते पान वाचले आणि अतिशय आदबीने विचारले, “सर, हे वाक्य काढलं तर चालेल का?” मग दुसरे वाक्य काढले. मग तिसरे. पान संपले तेव्हा खाली माझी सही तेवढी उरली होती, आणि तीही नको होती.

दुसरा मसुदा मी अंक घालून लिहिला. १. रात्री अकरा वाजता प्रोग्रॅम बंद करा. २. संगणक बंद करू नका. ३. पुन्हा सुरू केल्यावर वर उजव्या कोपऱ्यात ‘आवृत्ती ७’ असे दिसेल. ४. मग बिल छापा. मला तो नमुनेदार वाटला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, “चांगलंय. पण सर, आवृत्ती सात दिसली नाही तर?”

“म्हणजे? तू बसवणार म्हटल्यावर दिसेलच की.”

“नव्व्याण्णव जणांना दिसेल. सूचना शंभराव्यासाठी लिहायची असते.”

मी पाचवे कलम घातले : ‘आवृत्ती ७ दिसली नाही, तर बिल छापू नका. गाडी थांबवा आणि मला दूरध्वनी करा.’ खाली त्याचा नंबर. तेव्हा कुठे मसुदा मंजूर झाला. माझ्या एखाद्या पुस्तकाच्या शंभर प्रती एका दिवसात खपण्याचा तो पहिला आणि आजवरचा शेवटचा प्रसंग.

त्या आठवड्यात मी दोन-तीनदा त्याच्या कचेरीत जाऊन बसलो. पुढची कादंबरी कारखान्यावर लिहायची असा बेत होता. तो तसाच राहिला. पण त्याचे काम कसे चालते ते थोडेसे कळले. प्रत्येक संगणकावर त्याने एक लहानसा प्रोग्रॅम आधीच बसवून ठेवलेला असतो. तो गुपचूप बसून असतो आणि ठरावीक वेळाने मुख्य यंत्राला विचारतो, ‘माझ्यासाठी काही नवे आहे का?’ असले तर आणतो, बसवतो, आणि ‘बसले’ किंवा ‘बसले नाही’ असा निरोप उलट धाडतो. बंद असलेल्या संगणकाला तारेतून हाक मारून उठवण्याचीही सोय असते. जुनी आवृत्ती लगेच पुसत नाहीत; नवीने दगा दिला तर परत फिरायला वाट हवी.

“आणि एकदम शंभरांना कधी द्यायचं नाही,” तो म्हणाला. “आधी तिघांना. मग पंधरांना. मग सगळ्यांना.”

पहिल्या तिघांत तो स्वतः, हिशेबातल्या एक बाई आणि स्टोअरचा एक कारकून. तिथेच एक गंमत झाली. बिलावर रुपयाचे चिन्ह यायला हवे होते. तिथे चौकोन छापला जाऊ लागला. रुपयाचे हे चिन्ह आपल्याकडे २०१० साली आले. स्टोअरातला संगणक आणि त्याचा छपाईयंत्राचा सरंजाम त्याच्याही आधीचा. त्याला बिचाऱ्याला ते चिन्ह ठाऊकच नव्हते. ठाऊक नसलेल्या अक्षराच्या जागी तो रिकामी चौकट काढीत होता. माझ्या वर्गातही अशी मुले असतात. न आलेल्या शब्दाची जागा सोडून पुढचे सगळे नीट लिहितात. शेवटी चिन्हाऐवजी ‘रु.’ छापायचे ठरले. हा दोष तिघांत सापडला म्हणून बरे. शंभर ठिकाणी एकदम फुटला असता तर!

ह्या असल्या दुरुस्तीला ती मंडळी ‘पॅच’ म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. मला वाटले, बोलण्याची एक रीत असेल. पण पूर्वी हे अक्षरशः खरे होते. हार्वर्ड विद्यापीठात १९४४ साली जे ‘मार्क १’ नावाचे प्रचंड गणकयंत्र चालू झाले, त्याला आज्ञा देत त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा डकवायचा. ते ठिगळ. माझी आजी गोधडी शिवायची. जुन्या लुगड्याच्या पदराला नव्या खणाचा तुकडा लावताना ती आधी तो तुकडा भिजवून वाळवून घ्यायची. नवे कापड आटले तर जुन्याला ओढून फाडते म्हणून. तीन संगणकांवर आधी करून बघणे म्हणजे तुकडा भिजवून घेणेच की!

पण ठिगळ लावायला उशीर केला तर काय होते, तेही त्याच उन्हाळ्यात साऱ्या जगाने पाहिले होते. विंडोजमधल्या एका भोकासाठी मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. ज्यांनी ती लावली ते निर्धास्त राहिले. ज्यांनी ‘बघू पुढल्या महिन्यात’ म्हटले, त्यांच्यातल्या अनेकांच्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला. दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक त्याने कुलूपबंद केले. विलायतेतल्या सरकारी इस्पितळांना हजारो रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने कपाटात होते. पाजायचे राहिले होते.

३० जूनची रात्र उजाडली, म्हणजे झाली. शुक्रवार होता. बाहेर पाऊस धरून होता. कारखान्याच्या परवानगीने मीही त्याच्या खोलीत एका खुर्चीवर बसलो होतो. दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात नव्या कराचा समारंभ चालू होता. इकडे ह्याच्या पडद्यावर शंभर ओळींची यादी होती. प्रत्येक ओळीपुढे एक ठिपका : झाले नाही तो लाल, झाले तो हिरवा.

अकरापासून लाल ठिपके हिरवे होऊ लागले. बारा, तीस, पंचावन्न. मग अडखळत. एक संगणक जागाच होईना. रखवालदाराला पाठवले तर प्लगच काढलेला निघाला. एका साहेबांनी अर्धे बिल उघडे ठेवून घर गाठले होते. प्रोग्रॅम उघडा असला की नवा बसत नाही. एकात जागाच नव्हती. शोधता शोधता मुलीच्या लग्नाचे तीन तासांचे चित्रण सापडले. ते त्याने पुसले नाही. मुख्य यंत्रावर नेऊन ठेवले आणि वहीत लिहून ठेवले. “लग्न पुसलं तर ते मला जन्मभर माफ करणार नाहीत,” असे म्हणाला.

बाराला दहा कमी असताना पडदा सबंध हिरवा झाला. शंभरापैकी शंभर. मी उठून त्याची पाठ थोपटली. शंभर टक्के निकालाचा आनंद शाळामास्तराइतका कोणाला कळणार? त्याने डब्यातला चहा दोन पेल्यांत ओतला. बारा वाजले. आम्ही पेले तोंडाला लावले आणि दूरध्वनी वाजला.

वजनकाट्यावरचे मामा बोलत होते. सगळे त्यांना मामाच म्हणतात. निवृत्तीला आलेले गृहस्थ. म्हणाले, “साहेब, तुमच्या कागदावर पाचवं कलम लिहिलंय. आवृत्ती सात दिसत नाही. सहाच दिसतीय. गाडी थांबवलीय.”

“मामा, तुमच्याकडे संगणक कुठला?” त्याने विचारले.

“मार्चात नाही का, खरेदीतला जुना आणून ठेवला? काट्याचं काम वाढलं म्हणून? शिपायानं त्याच्यावर पण कागद डकवलाय.”

तो दोन क्षण गप्प बसला. मग पडद्याकडे बोट दाखवून मला म्हणाला, “सर, तो यादीतच नाही.”

खरेदीतून निघाला तेव्हा त्याचे नाव यादीतून काढले होते. काट्यावर गेला तेव्हा पुन्हा घालायचे राहिले. सगळा पडदा हिरवा दिसत होता, कारण जो लाल असायला हवा होता तो पडद्यावरच नव्हता.

आम्ही दोघे छत्री घेऊन निघालो. एकच छत्री, आणि पाऊस सातपूरचा. पेन ड्राइव्ह त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात घातला होता. गेटापाशी पुण्याची गाडी दिवे लावून उभी होती. चालक मांडीवर डबा उघडून जेवत होता. मामांनी खुर्ची रिकामी करून दिली. तारेतून जे आपोआप जायचे, ते ह्याने एका-एकाचे करून हाताने बसवले. पाऊण तास गेला. उजव्या कोपऱ्यात ‘आवृत्ती ७’ आली. ९ आणि ९ असे दोन भाग दाखवणारे बिल तीन प्रतींत निघाले, मामांनी शिक्का मारला, आणि गाडी गेटबाहेर पडली. मामा मला म्हणाले, “हा कागद कुणी लिहिला हो? पहिल्यांदा कळंल असं काही लिहून आलं.” माझ्या लेखनावर इतका चांगला अभिप्राय अजून कोणी दिलेला नाही.

परत येताना मी मात्र बोलत नव्हतो. पावसामुळे नव्हे.

हा विद्यार्थी ज्या वर्षी माझ्या वर्गात होता, ते २००१-०२ साल. त्याच्या बाकावर दुसरा एक मुलगा बसायचा. दिवाळीच्या सुटीनंतर त्याचे आईवडील द्राक्षबागांच्या कामावर निफाडकडे गेले आणि त्यालाही घेऊन गेले. महिन्याने तो एकदा आला, दोन दिवस बसला. अपूर्णांक चालू होते. फळ्याकडे बघत राहिला आणि पुन्हा दिसेनासा झाला. बरेच दिवस गैरहजर राहिला, तेव्हा मी नियमाप्रमाणे हजेरीपटावरून त्याचे नाव कमी केले. तांबड्या शाईने एक रेघ. त्या वर्षी माझ्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

त्या रात्रीपर्यंत मला त्या निकालात काही खोटे दिसले नव्हते. आणि खोटे काही नव्हतेच. पटावर जितके होते तितके सगळे पास झाले होते.

खोलीत येऊन तो यादीत एकशे-एकावी ओळ लिहू लागला. मी विचारले, “तुझ्या शेजारी बसायचा तो, आठवतो?”

“आठवतो की. माझा कंपास त्याच्याकडेच राहिला,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. मग थोड्या वेळाने, “कुठं असतो काय माहीत. मी पण नंतर विचारलं नाही, सर.”

दोघेही मग बराच वेळ काही बोललो नाही.

त्या रात्रीनंतर त्याने एक नेम केला आहे. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या दरम्यान एक दिवस वही-पेन्सिल घेऊन तो सगळा कारखाना पायी फिरतो. प्रत्येक टेबल, प्रत्येक केबिन, गच्चीवरची खोलीसुद्धा. जिथे प्लग दिसेल तिथे थांबतो. “यादी बघून संगणक मोजायचे नाहीत, सर,” तो म्हणतो, “संगणक बघून यादी करायची.”

पुढे त्याच्या धंद्यातले आणखी मोठे प्रसंग आले. १९ जुलै २०२४ ला ‘क्राउडस्ट्राइक’ नावाच्या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या राखणीच्या आपल्या प्रोग्रॅममध्ये एक सदोष सुधारणा धाडली, तीही साऱ्या गिऱ्हाइकांना एकदम. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली; पण जे पडले होते त्यांच्यापर्यंत तारेतून पोचता येईना. बहुतेकांपाशी माणूसच पाठवावा लागला. त्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि एवढेच म्हणाला, “आधी तिघांना द्यायला हवं होतं.” वॉनाक्राय आणि हा प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर उशीर करणारेही बुडालेले दिसतात आणि घाई करणारेही.

२०२५ साली घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, कराचे दर पुन्हा बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, बहुतेक माल ५ नाहीतर १८ मध्ये आला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला फुकट मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या. ज्यांना पुढली आवृत्ती पेलवत नव्हती असे संगणक शोधून बदलावे लागले. दोन्ही वेळा त्याने मला फक्त सूचना लिहायला बोलावले. आता मला सराव झाला आहे. सृष्टीच्या नियमाचा उल्लेख मी करीत नाही, आणि पाचवे कलम आधी लिहितो.

माझ्याही हजेरीपटात मागच्या बाजूला एक पान वाढले आहे. पटावरून ज्यांची नावे कमी होतात, ती त्या पानावर चढतात. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात मी ते पान घेऊन श्रमिकनगर, अशोकनगर ह्या बाजूंनी फिरतो. खोल्या बदललेल्या असतात, माणसे गावी गेलेली असतात. कोणी पाणी देते, कोणी दारातूनच ‘आता नाही पाठवायचं’ म्हणते. आठ-नऊ वर्षांत त्या पानावर अकरा नावे चढली. सात परत आली. त्यांतल्या एका मुलीने अपूर्णांक इतके पटकन घेतले, की मला वाटले, हिला पहिल्या खेपेला कोणी थांबून दाखवलेच नव्हते. माझा निकाल आता शंभर टक्के लागत नाही. मुख्याध्यापक त्याबद्दल कधीमधी विचारतात. मी पान दाखवतो.

त्या पानावर सगळ्यांत वर एक नाव मी आठवणीने लिहिले आहे. २००१ सालचे. त्याच्यापुढे खूण नाही. तो आता चौतीस-पस्तिशीचा बाप्या झाला असेल. अपूर्णांकांवाचून त्याचे काही अडले असेल किंवा नसेलही. निफाडकडच्या ओळखीच्या दोन मास्तरांना मी चौकशी करायला सांगून ठेवले आहे.

दिवाळीला विद्यार्थी चिवडा घेऊन येतो. हल्ली बरोबर त्याची बायको आणि लहान मुलगीही असते. मुलगी पलंगाखाली शिरून माझ्या कादंबऱ्यांच्या गठ्ठ्यावर घर घर खेळते. त्या प्रतींचा इतका उपयोग दुसऱ्या कोणी केलेला नाही. निघताना चपला घालता घालता तो दर वेळी एकच विचारतो,

“सर, सापडला का?”

“अजून नाही.”

“सापडला, तर कंपास राहू दे म्हणावं.”